सरोवर उघडते

(कॅनडा देशाच्या उत्तर भागातील सरोवरे हिवाळ्यात गोठून जातात. त्यांच्या काठावरची मासेमारीची लॉज सहा-सात महिने बंद असतात. वसंत ऋतूत बर्फ फुटले, की ती पुन्हा उघडली जातात. रस्ता, वीज आणि शेजार नसलेल्या ठिकाणी हे काम कसे केले जाते व त्यात लहानसहान गोष्टींना केवढे महत्त्व असते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली, की शाळेत लगबग सुरू होते. वर्गांचे दरवाजे उघडले जातात. बाके पुसली जातात. पाण्याची टाकी घासून धुतली जाते. पहिली घंटा वाजते तेव्हा सगळे जागच्या जागी असते. ही तयारी कोणी केली, याचा विचार आपण क्वचितच करतो. खडू कमी पडले तर शेजारच्या दुकानातून आणता येतात. नळ गळू लागला तर प्लंबरला बोलावता येते.

आता अशी एक जागा डोळ्यांसमोर आणा, जिथे दुकान नाही, प्लंबर नाही, रस्ता नाही आणि विजेची तारही नाही. ती जागा सहा-सात महिने बर्फाखाली बंद होती. आठ दिवसांनी तिथे पाहुणे येणार आहेत. ती कशी उघडायची?

कॅनडा देशात ऑन्टॅरिओ नावाचा प्रांत आहे. तो आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा आहे. या एका प्रांतात अडीच लाखांहून अधिक सरोवरे आहेत. प्रांताच्या वायव्य भागात मैलोगणती अरण्य पसरलेले आहे. त्यात स्प्रूस, पाइन आणि बर्च ही झाडे आहेत. झाडांच्या मधून जिकडेतिकडे पाणी चमकते. या भागातील कित्येक सरोवरांपर्यंत रस्ता जातच नाही.

अशा सरोवरांच्या काठी मासेमारीची लॉज असतात. 'लॉज' म्हटले, की आपल्याला एस.टी. स्टँडजवळची पाटी आठवते. हे लॉज वेगळे. काठावर ओंडक्यांच्या किंवा फळ्यांच्या पाच-सहा खोल्या, एक मोठे स्वयंपाकघर, एक कोठार आणि होड्या बांधण्यासाठी लाकडी धक्का, एवढाच त्याचा पसारा. गळ टाकून मासे धरण्याचा ज्यांना शौक आहे, असे लोक दुरून येथे येतात. त्यांत शेजारच्या अमेरिकेतील पाहुणे बरेच असतात. मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हंगाम चालतो. या चार-पाच महिन्यांच्या कमाईवर मालकाला वर्ष काढायचे असते. म्हणून हंगामाचा पहिला आठवडा वाया जाऊन चालत नाही.

परंतु हंगाम कधी सुरू करायचा, हे मालक ठरवू शकत नाही. ते सरोवर ठरवते.

हिवाळ्यात येथे पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जातो. सरोवरावर दोन-तीन फूट जाड बर्फ साठते. तरीही सरोवर तळापर्यंत गोठत नाही. याचे कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी ४ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते व तेच आधी गोठते. बर्फ पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते आणि खालच्या पाण्यावर गोधडीसारखे पसरते. त्या गोधडीखाली मासे हिवाळा काढतात.

एप्रिलमध्ये ऊन तापू लागते. बर्फावरचा हिमाचा थर वितळतो. पांढरे बर्फ आधी करडे व मग काळपट दिसू लागते. ते अजून जाड असते. पण आतून पोखरले गेलेले असते. त्याचे उभ्या सुयांसारखे तुकडे सुटे होऊ लागतात. एखाद्या दिवशी जोराचा वारा सुटतो. सुया एकमेकींवर आपटून काचेच्या तुकड्यांसारख्या किणकिणतात. एक-दोन दिवसांत सगळे बर्फ फुटून नाहीसे होते. कधी हे एप्रिलच्या शेवटी घडते, तर कधी मेचा तिसरा आठवडा उजाडतो. २०२२ साली या भागात बर्फ फार उशिरा गेले आणि पाठोपाठ मोठे पूर आले. पाहुण्यांनी कित्येक महिने आधी तारखा ठरवलेल्या असतात. सरोवराला मात्र त्या तारखा ठाऊक नसतात.

बर्फ फुटण्याच्या या दिवसांत लॉजपर्यंत कोणीच जाऊ शकत नाही. हिवाळ्यात विमान चाकांऐवजी पट्ट्या लावून बर्फावर उतरते. उन्हाळ्यात ते पाण्यावर उतरते. परंतु बर्फ धड भक्कम नाही आणि पाणी धड मोकळे नाही, अशा वेळी विमान उतरणार कुठे? मालक गावात बसून रोज वैमानिकाला विचारतो. वैमानिक वरून पाहून येतो आणि मान हलवतो. अखेर एका सकाळी तो म्हणतो, "पाणी मोकळे झाले."

चला, आपणही या पहिल्या फेरीत बसून जाऊ.

धक्क्याला लागलेले विमान लहानसे आहे. त्याच्या खाली चाके नाहीत. होडीच्या आकाराचे दोन लांब, पोकळ तरंगते पाय आहेत. हे 'बीव्हर' जातीचे विमान आहे. असे पहिले विमान १९४७ साली उडाले. ते कॅनडात, जंगलातल्या कामासाठीच तयार करण्यात आले. १९६७ नंतर या विमानांची निर्मिती बंद झाली; तरी जुनी बीव्हर विमाने आजही येथे कामात आहेत. या प्रदेशाला विमानांची सवयही जुनी आहे. १९२६ साली येथील रेड लेक या ठिकाणी सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली, तेव्हापासून माणसे व सामान विमानाने नेले जात आहे.

विमानात साधारण अर्धा टन वजन मावते. म्हणून प्रत्येक वस्तू तोलून घेतली जाते. पहिल्या फेरीत काय न्यायचे, हे ठरवण्यात खरी कसोटी असते. पेट्रोल, गॅसचे सिलिंडर, पीठ, बटाटे, हत्यारे, पंपाचे सुटे भाग, औषधांची पेटी आणि उपग्रहाद्वारे चालणारा फोन, असे सामान चढते. वीस पैशांचा वायसर विसरला, तर तो आणायला विमानाची आणखी एक फेरी करावी लागते. त्या फेरीचे भाडे ऐकले, की विसराळू माणूसही शहाणा होतो!

पाऊण तासाने विमान सरोवरावर उतरते. पाण्याचे तुषार उडतात. इंजिन थांबते आणि एकदम शांतता पसरते. आपल्याबरोबर लॉजचे मालक, मालकीणबाई, एक तरुण कामगार आणि एक वयस्कर वाटाडे आहेत. वाटाडेकाका अनिशिनाबे जमातीचे आहेत. या जमातीचे लोक या सरोवरांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पाण्याखालचे खडक कुठे आहेत, कोणत्या वाऱ्याला कुठल्या आडोशाला जावे, याचे त्यांना चांगले ज्ञान आहे. सामान उतरवून होताच विमान परत जाते. त्याचा आवाज कमी कमी होत जातो. आता तीन दिवस येथे दुसरे कोणी येणार नाही.

मालकीणबाई प्रथम पिशवीतून एक जुनी वही काढतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये लॉज बंद करताना त्यांनी तीत सारे लिहून ठेवले आहे. 'तिसऱ्या खोलीचे छप्पर कोपऱ्यात गळते.' 'मोठ्या पंपाची पट्टी झिजली आहे, नवी आणणे.' 'होड्यांची बुचे कोठारात, खिडकीजवळच्या खिळ्यावर.' वसंतातल्या कामाची सुरुवात अशी शरदातच झालेली असते. काम पडल्यावर आठवू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

आधी सगळ्या खोल्यांभोवती एक फेरी मारली जाते. कोणाचे छप्पर खचले का, कोणावर झाड पडले का, हे पाहिले जाते. खिडक्यांवर जाड फळ्या ठोकलेल्या आहेत. त्यांच्यातून खिळ्यांची टोके बाहेर आलेली आहेत. हा बंदोबस्त अस्वलांसाठी आहे. हिवाळ्याच्या लांब झोपेतून उठलेली काळी अस्वले उपाशी असतात. खाण्याचा वास आला, की ती दरवाजासुद्धा मोडतात. म्हणून शरदात अन्नाचा एक कणही मागे ठेवला जात नाही आणि हंगामात कचरा उघड्यावर टाकला जात नाही.

फळ्या काढल्या, दारे उघडली, की कोंदट वास येतो. अस्वल आत आले नाही. पण उंदीर आले आहेत! गाद्यांच्या कापसाची त्यांनी घरटी केली आहेत. तरुण कामगार झाडू उचलतो. मालकीणबाई त्याला लगेच थांबवतात. उंदरांच्या लेंड्या व मूत्र यांतून हंटा नावाच्या विषाणूचा संसर्ग होऊ शकतो. कोरडे झाडले, तर तो विषाणू धुळीबरोबर श्वासात जातो. म्हणून आधी खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यायची. मग हातमोजे घालून सगळ्या घाणीवर जंतुनाशक ब्लीचचे पाणी शिंपडायचे. घाण चांगली भिजली, की ती पुसून घ्यायची. झाडण्याची घाई जिवावर बेतू शकते, हे त्या तरुणाला प्रथमच कळते.

त्यानंतर पाण्याचे काम. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नळात पाणी राहिले, तर त्या फुगण्याने धातूचा नळसुद्धा फाटतो. यासाठीच शरदात सगळे नळ रिकामे केले होते. परंतु एका वाकड्या जागी घोटभर पाणी राहून गेले आणि तिथेच नळाला बोटभर चीर पडली आहे. घोटभर पाण्याने एक दुपार खाल्ली! नळ जोडल्यावर पंपाची नळी सरोवरात सोडली जाते. पंपात आधी पाणी भरावे लागते. नळीत हवा राहिली तर पंप पाणी ओढत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. दोन वेळा प्रयत्न फुकट जातो. तिसऱ्या वेळी नळ खोकतो, गढूळ पाणी थुंकतो आणि मग स्वच्छ धार सुरू होते. सगळे टाळ्या वाजवतात. तरी हे पाणी लगेच कोणी पीत नाही. त्याचा नमुना पुढच्या विमानाने तपासणीसाठी जाणार आहे. तोपर्यंत पाणी उकळूनच प्यायचे.

स्वयंपाकघरात गॅसची शेगडी, गॅसचे दिवे आणि गॅसवर चालणारा फ्रीज आहे. ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा निर्माण करणारे हे यंत्र विजेशिवाय चालते. मात्र ते अगदी सपाट जागी उभे असावे लागते. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते व जमीनही फुगते. त्यामुळे खोल्या थोड्याशा कलतात. मालक गवंडी वापरतात तसली लेव्हल फ्रीजवर ठेवतात. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते फ्रीजच्या पायाखाली लाकडाच्या चिपा सरकवतात. मग गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतात. फेसात बुडबुडे आले, तर गॅस गळतो आहे असे समजायचे. काडी पेटवून गॅसची गळती कधीही शोधायची नसते. चुलीच्या धुराड्यातही डोकावून पाहिले जाते. पक्ष्याने तिथे घरटे केले असेल, तर धूर बाहेर न जाता खोलीत कोंडतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी होड्यांची पाळी येते. ॲल्युमिनियमच्या आठ होड्या काठावर पालथ्या घालून ठेवल्या आहेत. प्रत्येक होडीच्या मागच्या बाजूला, तळाशी एक भोक असते. होडीत साठलेले पाणी काठावर आल्यावर त्यातून सोडून देता येते. पाण्यात जाण्यापूर्वी त्या भोकाला बूच लावायचे असते. तरुण कामगार उत्साहाने पहिली होडी उलटी करतो, पाण्यात ढकलतो आणि दुसरीकडे वळतो. दहा मिनिटांनी पाहतो तर काय! होडी धक्क्याला बांधलेल्या जागीच कलली आहे. आत गुडघाभर पाणी झाले आहे. वाटाडेकाका काही बोलत नाहीत. ते कोठारात जातात, खिडकीजवळच्या खिळ्यावरून एक बूच काढतात आणि त्याच्या हातावर ठेवतात. तो ओशाळतो. बादलीने पाणी उपसून तो होडी रिकामी करतो आणि उरलेल्या सात बुचांना स्वतःच्या हाताने दाबून पाहतो.

ही चूक काठाशी झाली, म्हणून तिचे हसू झाले. सरोवराच्या मध्यावर झाली असती तर? मे महिन्यात ऊन छान पडते. माणसे सदरा काढून काम करतात. परंतु पाणी नुकतेच बर्फातून सुटलेले असते. मॅनिटोबा विद्यापीठातील शास्त्रज्ञ गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासला. त्यांनी लोकांना १, १० आणि १ हे आकडे लक्षात ठेवायला शिकवले. बर्फासारख्या थंड पाण्यात पडल्यावर पहिले १ मिनिट श्वास आवरण्यात जाते. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर ते लुळे पडू लागतात. शुद्ध हरपायला मात्र सुमारे १ तास लागतो. म्हणजे माणूस बहुधा गारठून मरण्याआधीच बुडतो. कारण त्याला पोहता येईनासे होते. अंगात जीवरक्षक जाकीट असेल, तर तो तरंगत राहतो व मदत पोहोचायला वेळ मिळतो. म्हणून वाटाडेकाका प्रत्येक जाकिटाचे पट्टे ओढून पाहतात. जे सुटते, ते बाजूला टाकतात. पैसे वाचवण्यासाठी ते पुन्हा ढिगात ठेवत नाहीत.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बर्फ गेले, होड्या पाण्यात आल्या. मग मासे धरायला लगेच सुरुवात का करत नाहीत? या सरोवरांत वॉलाय नावाचा मासा असतो. त्याचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात आणि त्याला अंधुक प्रकाशातही चांगले दिसते. पाहुणे मुख्यतः त्याच्यासाठीच येतात. बर्फ जाताच हा मासा उथळ, गोट्यांच्या जागी येऊन अंडी घालतो. दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटून पिल्ले बाहेर येतात. त्या काळात मासे एकाच जागी गर्दी करतात व ते धरणे अगदी सोपे असते. म्हणूनच कायदा आड येतो. वायव्य ऑन्टॅरिओच्या बऱ्याच भागात १५ एप्रिलपासून मेच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत वॉलाय धरायला बंदी असते. हंगाम सुरू झाल्यावरही माणशी ठरावीकच मासे ठेवता येतात आणि बहुतेक मोठ्या माशांना परत पाण्यात सोडावे लागते, कारण मोठी मादी जास्त अंडी घालते.

हा नियम आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते. तो काळ कित्येक माशांच्या प्रजननाचा असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. देश वेगळा, पाणी वेगळे. पण शहाणपण एकच. आज थोडे थांबले, तर उद्या जाळे आणि गळ रिकामे राहत नाहीत.

या कामात नेहमीच यश पदरात पडते असे नाही. कोरोनाच्या साथीमुळे २१ मार्च २०२० पासून अमेरिका व कॅनडा यांच्यातील सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली. लस घेतलेल्या अमेरिकी पाहुण्यांसाठी ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली. लॉजमालकांचे दोन वसंत पाहुण्यांवाचून गेले. पण पाहुणे येत नाहीत, म्हणून छप्पर गळायचे थांबत नाही. उंदीर घरटी करायचे थांबत नाहीत. कमाई नसतानाही घर राखावे लागते. जे राखले, तेच पुन्हा उघडता येते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामे आटोपतात. धक्क्याची बर्फाने सरकवलेली फळी पुन्हा जागेवर बसली आहे. सरपणाची रास रचली आहे. आगीसाठी वाळूच्या बादल्या दारांशी ठेवल्या आहेत. सरोवरावर लून नावाचा पक्षी परत आला आहे. त्याची लांबलचक हाक ऐकू येते. मालक कोठाराच्या दाराशी जातात. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखांची एक लांब ओळ लिहिलेली आहे. बर्फ कोणत्या वर्षी कोणत्या दिवशी गेले, त्याची ही नोंद आहे. वरच्या तारखा मालकांच्या वडिलांच्या हातच्या आहेत. खाली थोडी जागा उरली आहे. मालक तिथे यंदाची तारीख लिहितात.

तेवढ्यात तरुण कामगार वही मागून घेतो आणि शेवटच्या पानावर एक ओळ लिहितो : 'होडी पाण्यात ढकलण्याआधी बूच पाहणे.' मालकीणबाई ती वाचतात आणि हसतात. पुढच्या वसंतात येथे कदाचित दुसराच कोणी तरुण असेल. ही ओळ त्याच्यासाठी आहे.

सकाळी दुरून घरघर ऐकू येते. झाडांच्या शेंड्यांवरून विमान येते, पाण्यावर उतरते आणि धक्क्याला लागते. पाहुणे उतरतात. स्वयंपाकघरातून भाजलेल्या पावाचा वास येतो. नळाला पाणी आहे, होड्या रांगेत उभ्या आहेत. "किती छान जागा आहे!" पाहुणे म्हणतात. ही तयारी कोणी केली, हे ते विचारत नाहीत. आपण मात्र ते पाहिले आहे.

शब्दार्थ

लगबग – घाई, धावपळ
वायव्य – उत्तर व पश्चिम यांमधली दिशा
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
कोठार – सामान साठवण्याची खोली
गळ – मासे धरण्याचा लोखंडी आकडा
धक्का – होडी लावण्याची बांधलेली जागा
वाटाड्या – रस्ता दाखवणारा
बूच – भोक बंद करण्याचा गुडदा
शरद – पावसाळ्यानंतरचा ऋतू. येथे हिवाळ्याआधीचा काळ
कोंदट – हवा न खेळल्यामुळे खराब झालेला
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी
ओशाळणे – लाजणे, शरमिंदा होणे
प्रजनन – पिल्ले जन्माला घालणे
सरपण – जळण, जाळण्याची लाकडे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लॉजचा हंगाम कधी सुरू होणार, हे कोण ठरवते?
(२) पाणी कोणत्या तापमानाला सर्वांत जड असते?
(३) बीव्हर जातीचे पहिले विमान कोणत्या साली उडाले?
(४) होड्यांची बुचे कोठे ठेवली होती?
(५) मालक कोठाराच्या दारावर काय लिहितात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) बर्फ फुटण्याच्या दिवसांत विमान लॉजपर्यंत जाऊ शकत नाही.
(२) उंदरांची घाण कोरडी झाडू नये.
(३) शरदात सगळे नळ रिकामे करतात.
(४) बर्फ गेल्यावर लगेच वॉलाय धरू देत नाहीत.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) सरोवर तळापर्यंत का गोठत नाही?
(२) १, १० आणि १ या आकड्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(३) तरुण कामगाराने वहीत ओळ का लिहिली? तिचा उपयोग कोणाला होईल?

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(१) गोठताना पाणी सुमारे ........ टक्क्यांनी फुगते.
(२) महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ........ या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते.
(३) गॅसच्या जोडावर ........ फेस लावतात.

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, झुंबड उडणे, तहान लागल्यावर विहीर खणणे, डोळ्यांसमोर आणणे

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उथळ, जड, रिकामा, थंड, उघडणे

प्र. ७. (अ) दरवाजा, जमीन, हवा, नमुना, शौक हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरतात. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
(आ) 'खाली' या शब्दाचा मराठीत व उर्दूत अर्थ वेगळा आहे. दोन्ही अर्थ लिहा व मराठी अर्थाने एक वाक्य तयार करा.

उपक्रम : सुट्टीनंतर शाळा उघडण्यापूर्वी कोणकोणती कामे केली जातात, हे शाळेतील शिपाईमामांना विचारा. त्या कामांची क्रमवार यादी मराठीत लिहून वर्गात लावा.